साथीच्या दिवसांत सूचना कशी लिहायची, कशी पोचवायची: नागपुरातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

"कोविड-१९ विषाणूचा वाढता प्रादुर्भाव लक्षात घेता प्रतिबंधात्मक उपाययोजनांच्या अनुषंगाने सर्व संबंधितांनी आवश्यक ती दक्षता घ्यावी." साथ आली की अशी वाक्यं रोज निघतात. त्यात चूक एकही नसते आणि करण्यासारखंही काही नसतं. भांडी आवरून फोन हातात घेतलेल्या बाईला एवढंच हवं असतं: पोराला आज रात्री ताप चढला तर कुठे जायचं, कोणाला फोन करायचा, सोबत काय न्यायचं. तेवढं त्या वाक्यातून मिळत नाही, म्हणून ती शेजारणीला विचारते. शेजारीण तिला कालचा फॉरवर्ड वाचून दाखवते. अफवेला जागा मिळते ती अशी.

हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हा लेख आहे. नव्याने लागलेल्या आशा सेविका, सोसायटीचे सचिव, शिक्षक, गणेश मंडळाची किंवा बुद्धविहाराच्या समितीची मंडळी, झोन कार्यालयात परिपत्रक सोप्या मराठीत उतरवणारे लिपिक. उदाहरणं बहुतेक कोविडची आहेत, कारण ती सगळ्यांच्या लक्षात आहेत. डेंग्यू असो की स्वाइन फ्लू, रीत हीच.

पहिलं काम: मूळ कागद हातात घ्या

लिहायला बसण्याआधी मूळ आदेश मिळवा. व्हॉट्सॲपवर आलेला त्याचा फोटो चालणार नाही. कार्यालयाच्या संकेतस्थळावरची प्रत घ्या किंवा प्रभागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मागा. त्यातल्या चार गोष्टी वहीत उतरवा: कोणी काढला, क्रमांक, तारीख, आणि कोणत्या हद्दीला लागू.

नवखा माणूस हमखास अडकतो तो चौथ्या गोष्टीत. आदेशात "शहर हद्दीत" असं असतं, पण शहराच्या हद्दी एकापेक्षा जास्त आहेत. महापालिकेची हद्द वेगळी, पोलिस आयुक्तालयाची वेगळी. वाडी, हिंगणा, कामठी हे भाग आयुक्तालयात येतात, महापालिकेत येत नाहीत. आदेश मनपा आयुक्तांचा असेल तर तो मनपाच्या दहा झोनपुरता. पोलिस आयुक्तांचा असेल तर वाडीच्या दुकानदारालाही लागू. म्हणून तुमच्या सूचनेत "शहर" हा शब्द नकोच. वस्त्यांची नावं लिहा. दोन ओळी वाढल्या तरी चालेल.

खोटं परिपत्रक ओळखायला फार हुशारी लागत नाही. त्यावर बहुधा तारीख नसते किंवा वर्ष नसतं, "आत्ताच आलेली बातमी" असं असतं, आणि शेवटी "सर्व ग्रुपवर पाठवा". केंद्र सरकारच्या नावाने काही फिरत असेल तर पीआयबी (केंद्राचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेककडे तपासता येतं. संशय असेल तोवर पुढे ढकलू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ प्रमाणे खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

दुसरं काम: तीन रकाने

कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात आज नक्की माहीत असलेलं. दुसऱ्यात अजून माहीत नसलेलं. तिसऱ्यात पुढची माहिती कधी आणि कुठून मिळेल ते. बहुतेक जण फक्त पहिला रकाना सूचनेत उतरवतात आणि दुसरा लपवतात. लोक घाबरतील असं त्यांना वाटतं. लोक घाबरतात ते सांगणाऱ्याने चार दिवसांनी शब्द फिरवला की.

मास्कचं आठवून पाहा. मार्च २०२० मध्ये सांगितलं जात होतं की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी शिवलेला कापडी मास्क वापरा असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलला तो जून २०२० मध्ये. ज्ञान वाढलं की सल्ला बदलणार, त्यात वावगं काहीच नाही. घोळ झाला तो पहिला सल्ला कायमचा असल्यासारखा दिल्यामुळे.

कोविशील्डच्या दोन डोसमधल्या अंतराचंही तसंच. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा अंतर ४ ते ६ आठवडे होतं. मार्चमध्ये ते ६ ते ८ आठवडे झालं, १३ मे रोजी १२ ते १६ आठवडे. मेमध्ये लसीचा तुटवडाही होता, त्यामुळे "लस संपली म्हणून अंतर वाढवलं" असं पारावर बोललं जाऊ लागलं. अशा वेळी नुसतं "नवीन अंतर १२ ते १६ आठवडे" लिहून भागत नाही. लोकांच्या मनातला प्रश्न सूचनेतच घ्यावा लागतो. साधारण असं:

"कोविशील्डचा दुसरा डोस आता १२ ते १६ आठवड्यांनी. जास्त अंतर ठेवलं तर लस चांगलं काम करते, असं अभ्यासात दिसलं म्हणून हा बदल केला आहे. आधीच्या अंतराने दुसरा डोस घेतला असेल तर काळजी नको, पुन्हा घ्यायचा नाही. ही माहिती १४ मे २०२१ ची आहे. बदल झाला तर याच ग्रुपवर सांगू."

यातल्या शेवटच्या दोन वाक्यांवर विश्वास टिकून राहतो. "आजच्या माहितीप्रमाणे" हे शब्द लिहायला लाजू नका.

साथीच्या काळातल्या संवादाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात विश्वास, लवकर सांगणं, पारदर्शकता, लोकांचं ऐकणं आणि आधीपासूनची तयारी हे पाच मुद्दे आहेत. आपल्याकडे ऐकण्यावर सगळ्यात कमी वेळ जातो. महाराष्ट्राला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला आणि पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी सोल्जर घराघरांत शिरले. देवघर, स्वयंपाकघर, बायकामाणसं, कशाचाही मुलाहिजा ठेवला नाही, कोणाला काही नीट समजावलं नाही. तपासणीची गरज खरी होती. पण लोक आजारी माणूस लपवू लागले, आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली.

तिसरं काम: एका सूचनेत एकच कृती

एका सूचनेत लस, मास्क, संचारबंदी आणि हेल्पलाइन कोंबली की लोक त्यातलं एकही लक्षात ठेवत नाहीत. एक कृती घ्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं द्या: कोणी, काय, केव्हा, कुठे, अडलं तर कोणाला विचारायचं. कारण अर्ध्या वाक्यात सांगा, पण सांगाच. कारण कळलेला माणूस सूचनेत न लिहिलेल्या प्रसंगातही बरोबर वागतो.

नागपुरातलंच एक उदाहरण जरा जवळून पाहू. कूलर. एप्रिल-मे २०२० मध्ये एसी आणि कूलरने कोरोना पसरतो असं बोललं जात होतं. "कूलर वापरू नका" ही सूचना लिहायला सोपी, पण पारा ४५ ला टेकलेला असताना पत्र्याच्या खोलीत ती कोणी पाळणार नाही. आणि अशी एक सूचना मोडली की तुमची पुढची सूचनाही कोणी गांभीर्याने घेत नाही. त्या वेळी केंद्राकडून आलेली माहिती बंद करा असं सांगत नव्हती. कूलरने हवा बाहेरून घ्यावी, खोलीतली हवा बाहेर जायला वाट असावी, टाकी स्वच्छ ठेवावी, असं तिचं म्हणणं होतं. ते वस्तीसाठी असं लिहिता येतं:

"कूलर चालवा, पण खिडकीच्या बाहेर बसवून. मग तो बाहेरची ताजी हवा आत ओढतो. समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवा, म्हणजे घरातली कोंदट हवा बाहेर जाईल. कूलर खोलीच्या आत ठेवून दारंखिडक्या लावू नका, तीच हवा फिरत राहते."

टाकीची गोष्ट यात घालायचा मोह होईल. घालू नका, तिची सूचना वेगळी काढा. डेंग्यूचा एडिस डास टाकीच्या भिंतीवर, पाण्याच्या रेघेच्या जरा वर अंडी घालतो. अंड्यातून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून दिलं की चिकटलेली अंडी तशीच राहतात. सुकी अंडीही महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून सूचनेत "पाणी बदला" लिहू नका. "पाणी काढा, आतल्या भिंती ब्रशने घासा, सुकवा, मग भरा" असं लिहा. अर्ध्या वस्तीने पाणी बदललं आणि डास कमी झाले नाहीत, तर चूक वस्तीची नाही, सूचनेच्या शब्दांची आहे.

चौथं काम: शब्द चाळून घ्या

"मेडिकलमध्ये चौकशी करा." नागपुरात याचे दोन अर्थ होतात. कोणी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाईल, कोणी थेट मेडिकल चौकातल्या शासकीय रुग्णालयात. औषधाचं दुकान म्हणायचं असेल तर तसंच लिहा. उलट, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असं पूर्ण नाव लिहिलं तर रिक्षावाला दोनदा विचारेल. "मेयो" लिहा, हवं तर पुढे पूर्ण नाव. लोक ज्या नावाने पत्ता विचारतात ते नाव आधी.

"रिपोर्ट पॉझिटिव्ह" म्हणजे चांगलं, असं समजणारी माणसं अजून आहेत. "तपासणीत आजार निघाला" किंवा "तपासणीत आजार निघाला नाही" असं लिहा. अलगीकरण आणि विलगीकरण यांतला फरक तर सरकारी कागदांतही कधीकधी उलटसुलट झालेला असतो. "आजारी माणसाने वेगळ्या खोलीत राहावं" आणि "आजारी माणसाजवळ राहिलेल्यांनी घराबाहेर पडू नये" ही दोन वाक्यं पुरतात.

वेळेबाबत तर काटेकोरच राहा. "उद्यापासून" हा शब्द फॉरवर्ड झाला की रोज नवा उद्या तयार होतो. "१५ तारखेला रात्री १२ पासून" यातही गोची आहे, ती १४ आणि १५ मधली रात्र की १५ आणि १६ मधली? मार्च २०२१ मध्ये शहरात १५ ते २१ तारखेपर्यंत कडक निर्बंध होते. अशा वेळी "सोमवार, १५ मार्चची सकाळ उजाडल्यापासून रविवार, २१ मार्चची रात्र संपेपर्यंत" असं लिहिलं की वाद मिटतो. वार, तारीख आणि वर्ष तिन्ही असू द्या. वर्ष लागतंच, कारण जुने संदेश पुढच्या साथीत परत फिरू लागतात.

बोलीचं भान ठेवा, पण नाटक करू नका. "खोकला येऊन राहिला असेल", "ताप उतरून नाही राहिला" अशी वाक्यं ध्वनिफितीत कानाला आपली वाटतात. छापील कागदावर साधी मराठी बरी. हिंदी प्रत जवळपास प्रत्येक वस्तीत लागते, मोमिनपुऱ्यासारख्या भागात उर्दूही. मराठीवरून शब्दाला शब्द उतरवू नका. त्या भाषेतल्या माणसाला सूचना तोंडी सांगा आणि तो जे बोलेल ते लिहून घ्या.

पाचवं काम: आकडे घरातल्या मापात

"१ टक्का हायपोक्लोराइट" हे आरोग्य निरीक्षकाला कळतं, घरी कळत नाही. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक वाटी औषधाला चार वाट्या पाणी. बाटलीवरचा आकडा वेगळा असेल तर प्रमाणही बदलतं, म्हणून कोणती बाटली ते सूचनेत नमूद करा. सोबत दोन इशारे हवेतच. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये हे मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि माणसाच्या अंगावर फवारू नका. २०२० मध्ये गावोगावी फवारणीचे बोगदे उभे राहिले, तेव्हा आरोग्य मंत्रालयाला एप्रिलमध्ये वेगळं पत्रक काढून सांगावं लागलं की याने डोळ्यांना, त्वचेला आणि श्वासाला इजा होते, फायदा होत नाही.

ऑक्सिमीटरच्या सूचनांमध्ये नेहमी एक गोष्ट राहून जायची: आकडा घ्यायचा कसा. दुसऱ्या लाटेत "९४ च्या खाली गेलं तर डॉक्टरांना कळवा" एवढंच लिहिलेलं असायचं. मग नेलपॉलिश लावलेल्या किंवा गार पडलेल्या बोटावर ८८ दिसलं की घरात रडारड. बोट ऊबदार हवं, नखावर रंग नको, पाच मिनिटं शांत बसून मग यंत्र लावायचं, आकडा स्थिर होईपर्यंत निदान मिनिटभर थांबायचं, शंका आली तर दुसऱ्या बोटावर पुन्हा. हे सगळं आकड्याच्या आधी लिहा. दम लागत असेल तर मात्र यंत्राची वाट न पाहता १०८, हे वाक्य वेगळ्या ओळीत आणि मोठ्या अक्षरात.

रोजच्या रुग्णसंख्येचा आकडा सांगायचाच असेल तर चाचण्या किती झाल्या तेही सांगा. रविवारी चाचण्या कमी होतात म्हणून सोमवारी आकडा उतरलेला दिसतो आणि पोरं पुन्हा चौकात जमतात. "रुग्ण दुप्पट" म्हणण्यापेक्षा "गेल्या आठवड्यात १०० तपासण्यांत ५ निघत होते, या आठवड्यात १०" असं सांगितलं की माणूस आपला अंदाज बांधू शकतो.

सहावं काम: कुठून सांगायचं

भोंग्याची रिक्षा स्वस्त आणि चांगली, पण तिचं गणित कोणी करत नाही. दाट वस्तीत भोंगा साधारण ५० मीटरपर्यंत स्पष्ट ऐकू येतो असं धरा. म्हणजे एका घराला रिक्षा येतानाचे ५० आणि जातानाचे ५० मीटर मिळतात. रिक्षा ताशी २० किलोमीटरने गेली तर हे अंतर १८ सेकंदांत संपतं आणि एक मिनिटाची ध्वनिफीत कोणालाच पूर्ण ऐकू येत नाही. ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने, ७२ सेकंद मिळतात. २० ते २५ सेकंदांचा मजकूर असेल तर तो प्रत्येक दाराशी दोन-तीनदा ऐकू जातो. मराठीत सावकाश बोललं की सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणून मजकूर ४० ते ५० शब्दांत बसवा. उदाहरणार्थ:

"लस. शनिवार, १० एप्रिल. सकाळी ९ ते दुपारी १. आपल्या वस्तीतली मनपा शाळा. वय ४५ आणि त्याहून जास्त असलेल्यांसाठी. लस मोफत आहे. आधार कार्ड आणा. ताप असेल तर येऊ नका, आशाताईंना सांगा. पुन्हा ऐका. शनिवार, सकाळी ९ ते १, मनपा शाळा."

पहिला शब्दच विषयाचा आहे, हे पाहा. "सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की" एवढं म्हणेपर्यंत रिक्षा दोन घरं पुढे जाते. भोंग्याला पोलिसांची परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत वाजवता येत नाही. मेमध्ये दुपारी १ ते ४ फिरवू नका, कूलरच्या आवाजात घराघरांत काहीच ऐकू येत नाही.

फलकाचंही माप आहे. १० फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर निदान एक इंच उंच. दुचाकीवरून जाणाऱ्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात सहा-सात शब्द वाचून होतात. म्हणून रस्त्यावरच्या फलकावर फक्त मथळा आणि फोन क्रमांक. तपशील जिथे लोक थांबतात तिथे लावा: पानठेला, पिठाची चक्की, किराणा, रेशन दुकान, औषधाचं दुकान, आठवडी बाजाराचं तोंड. मजुरांचा ठिय्या विसरला जातो. तिथे कागद लावून उपयोग नाही, सकाळी कामाला उठून जायच्या आत कोणीतरी जाऊन सांगायला हवं.

व्हॉट्सॲपवर चित्र पाठवायचं की मजकूर? चित्र बदलता येत नाही, पण ते फॉरवर्ड होत होत धूसर होतं आणि दृष्टिहीन माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. मजकुरात कोणीही हात घालू शकतो. दोन्ही पाठवा, आणि दोन्हींवर तारीख व कार्यालयाचं नाव टाका. वाचता न येणाऱ्यांसाठी ३० सेकंदांची ध्वनिफीत जोडा. वस्तीतल्या ओळखीच्या बाईच्या आवाजात असेल तर उत्तम, साहेबांच्या आवाजापेक्षा ती जास्त ऐकली जाते. कार्यालयातला मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर थेट चिकटवू नका, फोनवर अक्षरांचा कचरा दिसतो. आधी युनिकोड करून घ्या. फोन क्रमांक मात्र इंग्रजी अंकांत द्या. बऱ्याच फोनमध्ये त्यावर बोट ठेवलं की थेट फोन लागतो, देवनागरी अंकांना ती सोय बहुधा नसते.

सातवं काम: पाठवण्याआधी पाच जणांना ऐकवा

हे टाळलं जातं आणि महागात पडतं. वेगवेगळी पाच माणसं निवडा: एक आजी, एक शाळकरी पोरगं, एक रिक्षावाले काका, एक दुकानदार, एक मराठी घरी न बोलणारं माणूस. सूचना एकदा वाचून दाखवा. "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता तुम्ही काय कराल, सांगा बरं?" असं विचारा. पाचांतल्या दोघांनी वेगळं सांगितलं तर सूचना परत लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

आठवं काम: अफवांची वही

अफवा कानावर आली की लगेच खंडन पाठवायची घाई नको. आधी वहीत तारीख, अफवा आणि ती कुठे ऐकली ते लिहा. एकाच ठिकाणी एकदाच ऐकलेल्या अफवेला उत्तर दिलं तर जिला पाय नव्हते तिला तुम्ही पाय देता. दुसऱ्या ठिकाणाहूनही आली, किंवा तिने आजच कोणाचा जीव धोक्यात येईल अशी असली, तर मात्र त्याच दिवशी उत्तर द्या. उत्तराचा क्रम ठरलेला ठेवा: खरं काय ते आधी, अफवा मध्ये एकदाच, शेवटी खरं पुन्हा. "कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो का?" असा मथळा दिला तर अर्ध्या लोकांच्या लक्षात मथळाच राहतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच अफवेने कोंबडीचे भाव मातीमोल झाले आणि पोल्ट्रीवाले देशोधडीला लागले. "कोंबडी, अंडी नीट शिजवून खाणं सुरक्षित आहे" हा मथळा बरा.

त्याहून महत्त्वाचं, अफवेमागची भीती शोधा. एप्रिल २०२० मध्ये सतरंजीपुऱ्यातून मोठ्या संख्येने लोकांना विलगीकरण केंद्रांत हलवण्यात आलं. अशा वेळी गाडी दारात येण्याआधी लोकांच्या मनात काय असतं? किती दिवस? लेकरू आईजवळ राहील का? बीपीच्या गोळ्या मिळतील का? घराला कुलूप लावलं तर बकरीला चारा कोण देणार? रमजानही त्याच सुमारास होता, मग सहरीचं काय? यातल्या एकाही प्रश्नाला "घाबरू नका, सहकार्य करा" हे उत्तर होत नाही. जाण्याच्या सूचनेत दिवस, पत्ता, जेवणाच्या वेळा, सोबत न्यायच्या वस्तूंची यादी, नातेवाइकांनी फोन करायचा क्रमांक आणि परत आणून सोडायची व्यवस्था असलीच पाहिजे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर ते दुसऱ्या रकान्यात घाला.

कधी अडचण सूचनेत नसतेच. नाकात काडी घालायच्या भीतीने लोक तपासणीला येत नव्हते, त्यांना तपासणीचं महत्त्व दहादा सांगून काय होणार होतं? इथल्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटी-पीसीआर करायची पद्धत काढली आणि मे २०२१ मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तिला मान्यता दिली. लोक ऐकत नाहीत असं वाटलं की आधी बघा, व्यवस्थेत काही बदलता येतं का. ते वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत पोचवणं हाही तुमच्या कामाचा भाग.

नावं कधीही लिहू नका. रुग्णाचं नाव, घर, गल्ली, जात, धर्म, काहीही. ग्रुपवर कोणी यादी टाकली तर ॲडमिनने ती तिथल्या तिथे काढावी आणि पुढे न पाठवण्याची विनंती करावी. नाव फुटलं की पुढचा आजारी माणूस लपतो, आणि लपलेल्या माणसाचा संसर्ग कोणालाच मोजता येत नाही.

नववं काम: जुनी सूचना मागे घ्या

नवी सूचना निघाली म्हणून जुनी आपोआप मरत नाही. फ्लेक्स महिनोन्महिने खांबाला लटकत राहतो, संदेश वर्षभर फिरतो. नव्या सूचनेची पहिली ओळच अशी लिहा: "२२ मार्चची सूचना आता लागू नाही." जुना संदेश ज्या ग्रुपवर टाकला होता त्याच ग्रुपवर, त्याच संदेशाला उत्तर म्हणून टाका. फलक कुठे कुठे लावले याची यादी लावतानाच करून ठेवा, नाहीतर काढताना निम्मे सापडत नाहीत. काढता येत नसेल तर त्यावर "रद्द" अशी तारखेसह पट्टी चिकटवा. साधी चिकटपट्टी नागपूरच्या मेमध्ये आठवड्यात सुटते, खळ वापरा.

चूक तुमच्याच सूचनेत गेली असेल तर दुरुस्ती तेवढ्याच मोठ्या आवाजात करा. भोंग्यावरून चुकीची वेळ गेली असेल तर दुरुस्तीही भोंग्यावरूनच, ग्रुपवर बारीक अक्षरात नाही.

आणि फोन क्रमांक. राज्याचा आरोग्य सल्ल्याचा १०४ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे कायमचे आहेत, ते निर्धास्त छापा. साथीपुरत्या उघडलेल्या स्थानिक क्रमांकापुढे मात्र "कोणत्या तारखेपर्यंत, किती ते किती वाजेपर्यंत" हे लिहा आणि छापण्याआधी स्वतः लावून बघा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री ११ नंतर. तो बंद करायची वेळ आली की निदान महिनाभर त्यावर नवा क्रमांक सांगणारी ध्वनिफीत चालू ठेवायला सांगा. जुना कागद हातात घेऊन फोन करणारे तेवढे दिवस येतच राहतात.